वरचा पट्टा पाखरांचा

मेलारची ओड्नी या वसंतात गेली. नव्वदीला टेकली होती, त्यामुळं भरलं आयुष्य जगली असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण घरातल्यांना वय कुठं दिसतं, रिकामी खुर्ची दिसते. ती खुर्ची अजून स्वयंपाकघरात खिडकीशीच आहे. तिथून खाली बघितलं की भूर्जाचं रान दिसतं. मेलार म्हणजे नुसती खडी, दगडगोट्यांचा माळ. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी डोळ्यांनी बघूनच ठेवलं होतं. आता पोस्टाची नवी बाई विचारते, इथं खडी कुठंय म्हणून.

तसं ओड्नीच्या आयुष्यात गाजावाजा करण्यासारखं काही नव्हतं. लग्न केलं नाही. मेंढ्या राखल्या, गवत कापलं, बापाचं म्हातारपण काढलं, भावाची पोरं, म्हणजे आम्ही, उन्हाळ्यात यायचो आणि पुढं इथंच राहिलो, त्या आम्हांला खाऊपिऊ घातलं आणि कामालाही लावलं. एकदा विमानात बसून कोपनहेगनला जाऊन आली. कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, झाडं फार, काही दिसतच नाही. पण एक गोष्ट तिच्या मनात पस्तीस-चाळीस वर्षं सलत राहिली. शेजारच्या घराचा, ब्रेक्काचा, बेरीचा उतार तिच्या हातून नासला. तो उतार तिच्या बहिणीचा होता, आणि बहिणीच्या मागं तिच्या नवऱ्याचा, इल्लुगीचा. जाण्याआधी एकदा तरी त्या बेरी इल्लुगीच्या वाडग्यात परत पडाव्यात, एवढंच तिला पाहिजे होतं. बाकी तिचं कुणाकडं मागणं नव्हतं.

सुरुवात नदीपासून करायला पाहिजे. ओड्नी लहान होती, नुकती अक्षरं लावून वाचायला लागली होती, तेव्हा एका वसंतात वर हिमनदीतलं पाणी फुटलं आणि नदीनं आपली वाट सोडून खालच्या गवताच्या शेतातून वाट काढली. पाणी ओसरलं, पण शेत काही परत दिसलं नाही. जिथं कमरेएवढं गवत व्हायचं तिथं करडी खडी, नजर जाईल तिथपर्यंत. तिचा बाप कुंपणाचा एक खांब वर डोकावत होता त्याला टेकून उभा राहिला.

ओड्नीनं विचारलं, "बाबा, शेत कुठं गेलं?"

"कुठं जातंय. झोपलंय. नदीनं पांघरूण घातलंय."

"मग उठेल कधी?"

"उठेल की. झोप पुरी झाली की उठेल."

बाप बोलून गेला, पण पोरीनं ते धरून ठेवलं. दरवर्षी बर्फ वितळलं की ही खडीवर जाऊन बघायची, उठलं का शेत. आणि खरं सांगायचं तर ती बघायची म्हणून तिला दिसायचं. बाकीच्यांना खडी दिसायची. हिला दिसायचं की दगडांच्या सांध्यात पावसानंतर काळसर पापुद्रा धरतोय, बोटानं उचलला तर कोरड्या पोळीसारखा निघतो. मग त्या पापुद्र्यावर गुलाबी फुलांच्या उशा आल्या, मूठभर, जमिनीला चिकटून. मग दगडांवर राखाडी शेवाळ चढलं, इतकं हळू की वर्षभरात नखाएवढं. बस, तिथंच थांबलं. ती मोठी झाली, तिच्या आईला दफन केलं, बाप थकला, पण खडीवर गवताची पात नाही ती नाही. वारा यायचा, वाळू उडवायचा, परत जिथल्या तिथं.

बाप गेला तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यानं विचारलं होतं, "उठलं का गं?"

"कूस बदललीय," ओड्नी म्हणाली होती.

पुढं जंगलखात्याचा एक माणूस गाडीतून फिरत होता. वाळू उडते, रस्ते बुजतात म्हणून ते लोक लुपिनचं बी वाटत होते. अलास्काकडून आणलेलं झाड, निळ्या फुलांचे तुरे, दगडातही येतं आणि मुळं जमिनीला खत देतात म्हणाला. तारेची भेंडोळी दिली, मेंढ्या आत शिरू नयेत म्हणून कुंपण घाला म्हणाला, आणि कॉफीच्या डब्यात भरून बी दिलं. ओड्नीनं कुंपण घातलं. मग डबा काखेत धरून खडीवर चालायची, गमबुटाच्या टाचेनं खळगा पाडायची, चिमूटभर बी टाकायची, पुढं.

इल्लुगी ब्रेक्कावरून दुर्बिणीनं सगळं बघायचा. आमच्याकडं सगळेच बघतात, दुर्बीण स्वयंपाकघराच्या खिडकीतच असते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "काय ओड्नी, दगडांना भरवतेस काय?"

"भरवते."

"पोट भरलं की ढेकर देतात का बघ."

"तुला ऐकायला येईल. तुझी दुर्बीण आहे ना, तिला कान लाव."

असं त्या दोघांचं चालायचं. ओड्नीची धाकटी बहीण स्टेइनुन इल्लुगीला दिलेली, आणि मेव्हणीला चिडवण्याचा हक्क आपला आहे असं तो धरून चालायचा. स्टेइनुन मधे पडायची नाही. ती कॉफी ओतायची आणि हसायची.

स्टेइनुनला एकच वेड होतं, तिचा बेरीचा उतार. ब्रेक्का म्हणजेच उतार. घराच्या मागं चढाला सगळा झुडुपांचा गालिचा, गुडघ्याखाली, आणि ऑगस्ट उतरता उतरता ब्लूबेरीनं निळा-काळा व्हायचा. तिनं इल्लुगीकडून त्याला कुंपण घालून घेतलं होतं, मेंढ्या तुडवतात म्हणून. दोघी बहिणी त्या दिवसांत तिथंच असायच्या, ढुंगणावर सरकत सरकत. ओड्नी दातेरी डब्यानं खरवडायची, फणी फिरवल्यासारखा एक हात मारला की ओंजळभर बेरी आत. स्टेइनुनला ते चालायचं नाही. ती हातानं वेचायची, एकेक.

"तुझ्या डब्यात पालाच जास्त," ती म्हणायची. "मेंढी खाईल ते, माणूस नाही."

"घरी जाऊन निवडते ना."

"बोटांनी वेचलं की निवडावं लागत नाही. पान आलं म्हणजे घाई झाली."

आणि तिचा आणखी एक नियम होता. उताराच्या अगदी माथ्याशी, खडकाच्या खाली एक पट्टा होता, तिथं बेरी सगळ्यात मोठ्या. तिथं ती हात लावू द्यायची नाही.

"वरचा पट्टा पाखरांचा," म्हणायची.

ओड्नी हसायची. "पाखरं तुला काय देणार आहेत? ख्रिसमसला मोजे विणून?"

"दिलं तर घेईन," स्टेइनुन म्हणायची, आणि खाली सरकायची.

इकडं खडीवर लुपिन लागलं. पहिली दोन-तीन वर्षं नुसती बोटभर रोपं, मग एकदम भडका. जूनमध्ये सगळी खडी निळी. पर्यटक रस्त्यात गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. ओड्नी पानांखाली हात घालायची आणि माती बघायची. माती. काळी, ओली, वासाची. एकदा गांडूळ सापडलं तर तिनं ते तळहातावर घेऊन घरी आणलं, आम्हां पोरांना दाखवलं, आणि परत नेऊन ठेवलं. अंथरूण नीट घातलं की पाहुणा येतोच, म्हणाली. सोनेरी टिटव्या मात्र गेल्या, त्यांना उघडी जमीन लागते. गुलाबी उशाही गेल्या, पानांखाली गुदमरून. त्याचं तिला वाईट वाटलं, पण तिला वाटलं, काहीतरी जाणारच.

आणि इथंच तिची चूक झाली. वर, ब्रेक्काच्या उताराच्याही वर, ओढ्याच्या उगमाशी जमीन खचत होती. दरवर्षी चिखल-दगड खाली यायचे, दोन्ही घरांच्या रस्त्यावर. ओड्नीला वाटलं, एवढं खडीवर जमलं, तिथंही जमेल. एक डबा बी घेऊन गेली आणि ओढ्याच्या काठानं टाकून आली. कुणाला विचारलं नाही. भलं करायला कुणाला विचारायचं असतं का? खचणं थांबलं, हे खरं. पण शेंगा तडकल्या, बी ओढ्यात पडलं, बर्फाचं पाणी ते घेऊन खाली आलं, आणि खाली स्टेइनुनचा उतार. तिथं कुंपण. मेंढ्या असत्या तर त्यांनी कोवळी रोपं खुडली असती. मेंढ्या नव्हत्या.

स्टेइनुननं ते पाहिलं नाही. ती आधीच गेली, छातीत गाठ होती, फार दिवस लागले नाहीत. त्या उन्हाळ्यात बेरी कुणी वेचल्या नाहीत, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हा आमच्या भागात फोनची एकच तार होती, सगळ्या घरांना मिळून. प्रत्येकाची घंटा वेगळी. मेलारची दोन लांब एक आखूड, ब्रेक्काची एक लांब दोन आखूड. घंटा कुणाचीही वाजो, उचलायचे सगळे. श्वास ऐकू यायचे. हे सगळ्यांना माहीत असायचं आणि बोलताना सगळे विसरायचे. स्टेइनुन जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोकरं जन्मायचे दिवस होते, ओड्नी दोन रात्री झोपली नव्हती, आणि दुकानातल्या हेर्दिसचा फोन आला.

हेर्दिस म्हणाली, "अगं, तुझं ते निळं ब्रेक्काच्या बेरीवर चाललंय म्हणे."

"चाललं असेल."

"मग आता?"

"आता काय. स्टेइनुन गेली, वेचणार कोण? इल्लुगीला तर बेरी आणि मेंढीची लेंडी शेजारी ठेवली तर फरक कळायचा नाही."

तारेवर दोन-तीन ठिकाणी हसू फुटलं. मग एक आवाज आला, जवळचा, शांत.

"कळतो, ओड्नी."

आणि खट्ट. फोन ठेवला.

हेर्दिसनंच नंतर सांगितलं. तिच्या नवऱ्यानं बघितलं होतं. स्टेइनुन गेल्यापासून दर ऑगस्टला इल्लुगी संध्याकाळी त्या उतारावर जाऊन बसायचा, तिचा पत्र्याचा डबा घेऊन, आणि हातानं वेचायचा. एवढाल्या बोटांनी, एकेक. पहिल्या उन्हाळ्यातही. वरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. घरी नेऊन स्कीरवर, म्हणजे आमच्याकडच्या घट्ट दह्यावर, टाकून एकटा खायचा. कुणाला बोलला नव्हता.

ओड्नी त्या दिवशी कोठारात जाऊन बसली. मेंढ्या ओरडत होत्या तरी उठली नाही.

त्यानंतर इल्लुगी बोलायचा बंद झाला. भांडला नाही, शिव्या नाहीत, नुसता बंद. सप्टेंबरमध्ये डोंगरावरून मेंढ्या खाली आणून सगळ्यांच्या वेगळ्या करतात, तेव्हा तिची मेंढी त्याच्या हाताला लागली की शिंगाला धरून तिच्या कप्प्यापर्यंत आणायचा, सोडायचा, टोपीला हात लावायचा, निघून जायचा. ओड्नीला ती टोपी सगळ्यात जास्त लागायची. तो तिला पाहुण्यासारखं वागवत होता.

ती माफी मागायला गेली एकदा. दार उघडलं, कॉफी दिली. कॉफी पिऊन झाली. "इल्लुगी, मी त्या दिवशी," एवढं बोलली. तो उठला, कप धुतला, "वारा पडलाय, गवत उलटायला पाहिजे" म्हणाला आणि बाहेर गेला. बोलून हे मिटायचं नाही हे तिला कळलं. म्हणून ती उपटायला लागली.

कुंपणाच्या फाटकातून आत जायची आणि लुपिन उपटायची, हातानं, वाकून. मे महिन्यापासून. बर्फ हटलं की चालू. आपल्या खडीवर जे तिनं पेरलं होतं तेच इथं काढत बसायची. इल्लुगीनं हाकलली नाही. खिडकीतून दुर्बीण चमकायची, तिला दिसायचं. ती मान वर करायची नाही. एवढं करूनही दरवर्षी पुन्हा तेवढंच, उलट जास्त. मूळ तुटून आत राहायचं आणि तिथून दोन फुटायची. बी जमिनीत वाट बघत पडलेलं असायचं, त्याला घाई नव्हती. स्टेइनुनची झुडुपं त्या पानांखाली पिवळी पडत गेली, मग तपकिरी, मग काड्या.

कितीतरी उन्हाळे असे गेले. तारेवरचे फोनही गेले, प्रत्येकाला आपापला आला, कुणाचं कुणाला ऐकू येईना. एका जूनमध्ये ती अशीच वाकलेली असताना मागं कुणीतरी खाकरलं. इल्लुगी, खांद्यावर लांब दांड्याचे दोन विळे.

"ओड्नी, मला आता बघवत नाही."

ती सरळ झाली. तिला वाटलं, संपलं, आता जा म्हणणार.

"तू हे मेमध्ये उपटतेस. मेमध्ये त्याच्या मुळात गेल्या वर्षीचं सगळं भरलेलं असतं, ते हसतं तुला. फुलू दे त्याला. पूर्ण फुललं की सगळा जीव वर आलेला असतो, तेव्हा कापायचं. खाली काही उरत नाही मग."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्या वर्षापासून."

"आणि तू खिडकीत बसून बघत होतास?"

"बोलायचं नव्हतं ना मला," इल्लुगी म्हणाला, आणि एक विळा तिच्यासमोर धरला. "धार मी लावलीय. तुझ्या विळ्यानं लोणी कापलं जात नाही, सगळ्या गावाला माहीत आहे."

ओड्नी पुढं हे सांगायची तेव्हा म्हणायची, माणसानं मला माफ केलं नाही, त्याला माझं काम सहन झालं नाही एवढंच. पण तेही काही कमी नव्हतं. त्या उन्हाळ्यापासून ते दोघं मिळून कापायचे, फुलांच्या भरात, एका रेषेत, तो पुढं ती मागं. दुपारी बांधावर बसून साखर घातलेली धिरडी खायचे, ती न्यायची. स्टेइनुनचं नाव निघायचं नाही. हवामान, मेंढ्या, दुधाचा ट्रक.

उतार काही वाचला नाही. लुपिन कमी झालं, पण तोवर खाली माती बदलली होती. जिथं झुडुपं होती तिथं आता उंच गवत आलं, जाड, हिरवं, आणि पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. बेरीच्या झुडुपाला गरीब जमीन लागते, एवढं पोसलेलं तिला मानवत नाही. माथ्याशी खडकाखाली तेवढा पाखरांचा पट्टा उरला, तिथं माती धरतच नव्हती. दोन हात रुंद. इल्लुगीनं त्याला हात लावला नाही. नियम तो नियम. एक दिवस त्यानंच विळा खांबाला अडकवला.

"पुरे, ओड्नी. आपण दोघं म्हातारे झालो, ते नाही झालं."

"तुला देईन म्हटलं होतं मी."

"मला कुठं म्हटलं होतंस?"

"मनात."

"मग मनातच मिळालं," तो म्हणाला. ओड्नीला मात्र ते पुरलं नाही.

आता खडीचं. उतारावर एवढे हात झिजवले त्या सगळ्या वर्षांत ती खडीकडं जरा दुर्लक्षच करत होती. तारेचं कुंपण तेवढं नीट ठेवायची. आणि ज्याच्याकडं बघितलं नाही तेच बदललं. सगळ्यात जुन्या तुकड्यात, जिथं तिनं पहिला डबा रिकामा केला होता, लुपिन विरळ व्हायला लागलं. कुणी कापलं नाही, कुणी उपटलं नाही. आपणच केलेल्या मातीत त्याचं त्यालाच जमेना. मधे मधे गवत आलं. मग एका वर्षी गवतात लाल काडीसारखं काहीतरी दिसलं, चार दातेरी पानं. ओड्नीनं गुडघे टेकले. भूर्ज.

सगळ्या भागात भूर्ज एकाच ठिकाणी उरला होता, वरच्या घळीत, जिथं मेंढीचं तोंड पोचत नाही तिथं, कड्याला लटकलेली चार वाकडी झाडं. त्यांचं बी वाऱ्यानं आलं. ते दरवर्षीच येत असणार, ओड्नीच्या बापाच्याही आधीपासून. पडायला जागा नव्हती. आमच्याकडं असल्या रोपाला एकच शब्द आहे, आपसूक. आपोआप पेरलेलं. लावलेल्या झाडाचं कौतुक असतं, पण आपसूक म्हटलं की म्हातारी माणसं टोपी काढतात.

इल्लुगीला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "तू लावलंस."

"नाही लावलं."

"खरं सांग. जंगलखात्याचा तो माणूस परत आला होता ना?"

"आपसूक आहे, इल्लुगी."

मग त्यानं टोपी काढली. या वेळी तिला ती लागली नाही.

एकाचे दहा झाले, दहाचे रान झालं. आधी गुडघ्याएवढं, मग छातीएवढं, मग ओड्नीच्या डोक्यावरून गेलं. पाणलावा पक्षी आला, संध्याकाळी आभाळात वर चढून शेपटीनं घुमायचा. मग कस्तूर आले, गाणारी पाखरं. कस्तूर फांदी बघून येतो, त्याला खडीत काय काम. एका वसंतात त्यांनी घरटं केलं आणि ओड्नी खिडकीत बसून म्हणाली, "बाबा, उठलं शेत. पण गवताचं नाही उठलं." आम्ही विचारलं, मग वाईट वाटतंय का? म्हणाली, "छे. झोपेतून उठलेलं माणूस थोडंच जसंच्या तसं असतं." आणि मग म्हणाली, "पण आता काही दिसत नाही हे खरं."

कोपनहेगनचं आम्हाला आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार, कारण ती खुदकन हसली.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट संपत आलेला. ओड्नी काठी घेऊन रानातून एक चक्कर मारायची, पडेल म्हणून आम्ही ओरडायचो, ती ऐकायची नाही. रानात एक मोठा धोंडा आहे, नदीनं आणून टाकलेला. कस्तूर त्यावर बसतात, वरून त्यांच्या शिटण्यानं पांढरा झालेला असतो. त्या धोंड्याच्या बुडाशी, जिथं गवत पोचलं नव्हतं आणि जुनं राखाडी शेवाळ अजून टिकून होतं, तिथं तिला छोटी गोल पानं दिसली. काठीनं गवत बाजूला केलं. झुडूप. गुडघ्याच्याही खाली. आणि त्यावर बेरी, निळ्या-काळ्या, वर धुरकट साय असलेल्या.

या माळावर कधी बेरी नव्हत्या. बापाच्या वेळेस गवत होतं, मग खडी. बेरी उरल्या होत्या एकाच ठिकाणी, ब्रेक्काच्या माथ्याला, दोन हातांच्या पट्ट्यात, आणि तिथं खात होते फक्त कस्तूर.

ओड्नीनं एकही तोडली नाही. घरी आली, फोन उचलला. धाप लागलेली.

"इल्लुगी, ये."

"काय झालं? पडलीस का?"

"नाही पडले. ये. स्टेइनुनचा डबा घेऊन ये."

कितीतरी वर्षांत ते नाव पहिल्यांदा निघालं. थोड्या वेळानं त्याची जुनी गाडी खडखडत आली. तो उतरला, डबा छातीशी धरलेला. ती पुढं, तो मागं, दोघांच्या काठ्या, असे ते रानात गेले. धोंड्याशी आल्यावर ती बाजूला झाली. तो बघत राहिला. मग खाली बसायला त्याला बराच वेळ लागला, आणि बसल्यावर त्यानं एक बेरी तोडून तोंडात टाकली.

"बघ," ओड्नी म्हणाली, "लेंडी असेल."

इल्लुगी हसला. रडला का हसला ते तिला नीट सांगता यायचं नाही, पण आवाज हसण्याचा होता म्हणायची.

"ओड्नी," तो म्हणाला, "तिनं पाखरांना दिल्या होत्या."

"हो. आणि मी तिला विचारायची, पाखरं तुला काय देणार म्हणून."

मग त्यानं वेचल्या. एकेक, हातानं. ओड्नीनं दातेरी डब्याचं नाव काढलं नाही. झुडपाच्या शेंड्याकडं आल्यावर त्याचा हात थांबला. शेंड्याला ज्या होत्या, सगळ्यात मोठ्या, त्या त्यानं तशाच सोडल्या, आणि हात तिच्याकडं केला, उठव म्हणून. ती त्याला उठवणार आणि त्याला काठी सापडणार, यात दोघं पडता पडता राहिले.

त्या दिवशी मेलारच्या स्वयंपाकघरात दोन वाडगे होते, स्कीर, वर साय, वर त्या बेरी. फार नव्हत्या. इल्लुगीनं वाडगा पुसून खाल्ला. ओड्नी स्वतःच्या कमी आणि त्याच्या वाडग्याकडं जास्त बघत होती. नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. एवढ्या वर्षांत आम्ही तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तिच्यामुळं आम्हाला काय काय मिळालं ते सांगायला बसलं तर संपणार नाही, आणि तिला आवडायचंही नाही. सावली मिळाली, वारा अडला, अंगणात वाळू येत नाही, वसंतात पहाटे कस्तूर झोपू देत नाहीत. चूक झाली की कंबर वाकवून कामाला लागायचं, हे मिळालं. आणि थोडी जागा सोडायची हे मिळालं, ते तिलाही दुसऱ्याकडूनच मिळालेलं.

मे महिन्यात ती गेली तेव्हा भूर्जाला नुकती पालवी होती, वास सगळ्या घरात. इल्लुगी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला, घरच्यासारखा, टोपी मांडीवर.

परवा, ऑगस्ट सरता सरता, तो चाकांचा वॉकर धरून एकटाच रानात गेला होता. आम्ही खिडकीतून बघत होतो, दुर्बिणीनं. धोंड्याच्या पलीकडंही आता झुडुपं आहेत म्हणाला, आपसूक. जाताना दाराशी पत्र्याचा डबा ठेवून गेला, अर्धा भरलेला.

आम्ही ताटलीत ओतून बघितला. त्यात एकही पान नव्हतं.